चार टाक्या, एक सिलिंडर

कार्बन डायऑक्साइडच्या एका सिलिंडरवर माशांच्या चार टाक्या चालवायच्या हा विचार मला पैशांवरून सुचला. पहिल्या चार फुटी टाकीसाठी सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड, बबल काउंटर असा सगळा संच घेऊन झाला होता आणि त्यात सगळ्यात महाग रेग्युलेटर पडला होता. पुढे मागच्या खोलीत लोखंडी रॅक आला. त्यावर दोन फुटी दोन टाक्या आल्या, खालच्या फळीवर चेरी श्रिंपसाठी एक फुटाची चौकोनी टाकी आली. प्रत्येकीला वेगळा संच घेणं परवडणारं नव्हतं. गॅस तर एकच, नळीला फाटे फोडले की झालं, अशी माझी समजूत होती. तिची किंमत माझ्या माशांनी आणि श्रिंपनी मोजली. अशी जोडणी करू पाहणारे बरेच जण मला भेटतात आणि जे प्रश्न मी वेळेवर स्वतःला विचारले नाहीत ते त्यांच्याही मनात आलेले नसतात. म्हणून हे सगळं सांगायचं आहे, अगदी जे सांगताना वाईट वाटतं तेही.

पाण्यातल्या झाडाची अडचण अशी, की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पाण्यात पसरतो. पानाला लागून असलेल्या पाण्याच्या थरातला गॅस झाड वापरून टाकतं आणि नवा तिथवर यायला वेळ लागतो. मुळात हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो असतोच किती, तर लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या टाक्यांची छायाचित्रं पाहून आपण हिरवेगार गालिचे वाढवायला निघतो. तसे गालिचे करणारी मंडळी गॅसचं प्रमाण लिटरला तीस मिलिग्रॅमच्या जवळ ठेवतात, म्हणजे नैसर्गिक प्रमाणाच्या पन्नास-साठ पट. डेन्मार्कच्या ट्रोल्स अँडरसन आणि ओले पेडरसन यांनी २००२ साली रिक्सिया या पाणवनस्पतीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उजेड कमी असतानाही गॅस वाढवला तर तिची वाढ जोमाने होते, असं त्यात दिसलं. ते वाचल्यावर मी ठरवून टाकलं, की आपल्या चारही टाक्यांना गॅस हवा, मॉस आणि अनुबियासच्या टाकीलाही. अभ्यास झाडाचा होता. त्याच पाण्यात श्वास घेणाऱ्या जिवांचा विचार माझा मलाच करायला हवा होता, तो मी केला नाही.

पहिली जोडणी अशी होती: सिलिंडर, रेग्युलेटर, एकच नीडल व्हॉल्व्ह, एकच चेक व्हॉल्व्ह आणि त्यापुढे हवेच्या पंपाला लावतात ते प्लॅस्टिकचे टी आणि बारके नळ. मूळ चूक इथे होती. या गॅसला मी हवेसारखं वागवलं. पंपाची हवा एखाद्या टाकीत जरा जास्त गेली तर काहीच बिघडत नाही. कार्बन डायऑक्साइड जास्त गेला तर तिथले मासे गुदमरतात, कमीजास्त होत राहिला तर झाडं अडखळतात आणि शेवाळ माजतं. हवेचे ते नळ एवढ्या बारीक मापासाठी बनवलेलेच नसतात. किंचित फिरवला की एकदम बंद, किंचित उलटा फिरवला की भसकन चालू.

टीमधून गॅस सारखा वाटला जात नाही. ज्या वाटेत अडथळा कमी, तिकडे तो जातो. एक डिफ्यूझर, म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे करणारी चकती, दुसऱ्यापेक्षा दहा सेंटिमीटर खोल असेल तर त्याला बारच्या शंभराव्या भागाइतका जास्त दाब लागतो. बाकी सगळं सारखं असेल तर तेवढा फरकही पुरतो. आणि बाकी सगळं सारखं कधीच नसतं. एका चकतीची छिद्रं बारीक, दुसरीची जरा मोठी. नवी चकती मोकळी असते, तीच काही आठवड्यांनी शेवाळाने बुजत जाते. मोठ्या टाकीवर दिवा प्रखर होता, त्यामुळे तिथली चकती सगळ्यात आधी हिरवी झाली आणि तिच्या वाट्याचा गॅस हळूहळू इतर टाक्यांकडे वळला. मला दिसलं ते एवढंच, की मोठ्या टाकीत बुडबुडे कमी झालेत. म्हणून मी तो एकमेव नीडल व्हॉल्व्ह थोडा उघडला. वाढलेला गॅस जवळजवळ सगळा श्रिंपच्या टाकीत गेला.

जेमतेम सत्तावीस लिटर पाणी, वर काचेचं झाकण, पाण्याच्या पृष्ठभागाला हालचाल नाही. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा बऱ्याच श्रिंप तळाशी आडव्या पडल्या होत्या. ज्या जिवंत होत्या त्या फिल्टरच्या नळीवरून पाण्याच्या रेषेपर्यंत चढून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आधी मी पाण्याला दोष दिला, मग नव्या खताला. गॅस चालूच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याही काही गेल्या. चूक होणं वेगळं आणि समोर दिसत असलेली खूण न वाचणं वेगळं. मला त्या दुसऱ्या दिवसाचं जास्त लागतं.

चेक व्हॉल्व्हची गोष्ट थोडक्यात सांगते. मी तो सामाईक नळीवर लावला होता, त्यामुळे रेग्युलेटर सुरक्षित होता, पण टाक्या एकमेकींपासून सुरक्षित नव्हत्या. रात्री सोलेनॉइड, म्हणजे गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, बंद झाला, की नळीत अडकलेला गॅस डिफ्यूझरमधून पाण्यात विरत जातो, नळीत पोकळी तयार होते आणि पाणी उलटं वर चढतं. माझ्या वरच्या फळीवरच्या टाकीचं पाणी टीपर्यंत येत होतं आणि सकाळी गॅस सुरू झाला, की ते खालच्या टाकीत ढकललं जात होतं. शिवाय ज्या नळीत पाणी जास्त भरलं असेल तिथला अडथळा वाढायचा, म्हणजे दर सकाळी वाटणी नवी. त्याच सुमारास वरच्या टाकीत मी माशांना औषध देत होते. ते श्रिंपच्या टाकीत उतरू शकतं हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. प्रत्येक नळीला, टाकीच्या जवळ, स्वतंत्र चेक व्हॉल्व्ह लागतो.

मग मॅनिफोल्ड घेतला. रेग्युलेटरला जोडलेला पितळी ठोकळा, त्यावर चार नीडल व्हॉल्व्ह, प्रत्येकाचा वेगळा बबल काउंटर. सामान योग्य होतं, पण भीतीपोटी मी रेग्युलेटरचा पुढचा दाब एका बारच्याही खाली ठेवला. दरम्यान मोठ्या टाकीला कॅनिस्टर फिल्टरच्या परतीच्या नळीवर इनलाइन अ‍ॅटमायझर बसवला होता. तो चालायलाच दोन बारच्या आसपास दाब मागतो. तिथे काहीच येईना. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी येईना. दाब वाढवला तर बाकी तीन टाक्यांत बुडबुड्यांची रांग लागली. त्या आवळल्या तर मोठीचं पुन्हा बदललं. एकीला हात लावला की चौघी बदलत होत्या, आणि मी संध्याकाळच्या संध्याकाळ रॅकपुढे बसून व्हॉल्व्ह फिरवत होते.

त्यामागचं कारण नंतर समजलं. नीडल व्हॉल्व्हच्या अलीकडचा दाब पलीकडच्या दाबापेक्षा जेमतेम जास्त असेल, तर पलीकडे झालेला लहानसा बदलही प्रवाह बदलून टाकतो. अलीकडचा दाब भरपूर जास्त असेल, तर पलीकडे दहा सेंटिमीटर पाणी कमी-जास्त झालं किंवा चकती थोडी बुजली तरी प्रवाहाला फारसा फरक पडत नाही. तो ठरतो सुईच्या फटीवर. म्हणून सामाईक दाब सगळ्यात हट्टी डिफ्यूझरच्या हिशोबाने, माझ्याकडे अडीच-तीन बार, एकदाच ठरवायचा आणि नंतर रेग्युलेटरच्या खुंटीला हात लावायचा नाही. पुढचं सगळं काम चार सुयांवर. तेवढ्या दाबाला सिलिकॉनची नळी कामाची नाही, तिच्यातून हा गॅस झिरपतोही. पॉलियुरेथेनची नळी घ्यावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघावं.

त्यानंतरची चूक हिशोबाची. मोठ्या टाकीत २४० लिटर पाणी, लहानीत २७. म्हणून मोठीला सेकंदाला जितके बुडबुडे, त्याचा नववा भाग लहानीला, असं गणित मी वहीत मांडलं. पण बुडबुडा हे मापच नाही. काउंटरच्या आतल्या नळीच्या तोंडाप्रमाणे तो लहान-मोठा होतो, दाबाप्रमाणे त्यात मावणारा गॅस बदलतो. अ‍ॅटमायझरमधून गेलेला बराच गॅस पाण्यात विरतो, काचेच्या डिफ्यूझरमधला बराचसा वर येऊन फुटतो. पाण्याचा पृष्ठभाग हलता असेल तर गॅस उडून जातो, शांत असेल तर साठतो. एकाच टाकीत कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, एवढंच बुडबुड्यांवरून कळतं. दोन टाक्यांची तुलना त्यावरून करू नये.

तुलना करता येते ती ड्रॉप चेकरने. टाकीत बुडवून ठेवायची ती लहानशी काचेची घंटा. आत केएच (कार्बोनेट कठीणपणा) चार असलेलं द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. लिटरला तीसच्या आसपास गॅस असला की हिरवा, कमी असला की निळा, जास्त झाला की पिवळा. मी पहिल्यांदा त्यात टाकीचंच पाणी भरलं होतं. टाकीच्या पाण्यात लाकडातून उतरलेली आम्लं असतात, त्याचा केएच बदलत असतो, त्यामुळे रंग दिसतो पण त्याला अर्थ नसतो. द्रावण बदलल्यावरही मी घाई केली. रंग बदलायला तास-दोन तास लागतात आणि मी त्याआधीच पुन्हा व्हॉल्व्ह फिरवत असे, म्हणजे रंग नेहमी आधीच्या फेऱ्याचा दिसे. मग चारही टाक्यांत ड्रॉप चेकर लावले आणि एका दिवशी एकाच टाकीचा व्हॉल्व्ह हलवायचा, तोही एकदाच, हा माझा नियम आहे.

इथवर येऊनही सगळ्यात मोठी चूक करायची बाकी होती.

सगळं सुरळीत चालू असताना मी पीएच कंट्रोलर आणला. त्याचा प्रोब पाण्यात असतो. पीएच ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की सोलेनॉइड उघडतो, खाली आला की बंद होतो. सोलेनॉइड एकच होता, चारही टाक्यांचा. प्रोबही एकच होता, तो मोठ्या टाकीत ठेवला. म्हणजे मोठ्या टाकीचं पाणी काय म्हणतंय त्यावर इतर तिघींचा गॅस ठरणार होता. हे लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हा मला वाटलं, मोठी सांभाळली की बाकीच्या तिच्यामागे चालतील. कंट्रोलर आहे म्हटल्यावर टायमरही काढून टाकला.

पाण्यातला गॅस, केएच आणि पीएच यांचं नातं पक्कं आहे: लिटरमागे मिलिग्रॅममध्ये गॅस म्हणजे ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) इतका घात. केएच ४ असताना पीएच ६.६ वर आणला तर गॅस साधारण ३० होतो. मी कंट्रोलरवर ६.६ हा आकडा त्यामुळेच ठेवला होता. आमच्याकडे पुण्यात नळाला येणारं धरणाचं पाणी मऊ, माझ्या टेस्ट किटवर केएच तीन-चार. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येऊ लागले. टँकरचं पाणी बोअरचं, त्याचा केएच दहाच्या घरात. मी मोठ्या टाकीचं निम्म्याहून जास्त पाणी बदललं, काही दिवसांनी पुन्हा बदललं. केएच मोजला नाही. केएच १० असताना पीएच ६.६ वर आणायचा तर गॅस ७५ लागतो. कंट्रोलर निमूटपणे त्या आकड्याकडे निघाला.

अशा पाण्यात पीएच ६.६ पर्यंत उतरेचना, त्यामुळे सोलेनॉइड बंदच झाला नाही. मोठ्या टाकीत गॅस चढत गेला. इतर तीन टाक्यांत अजून जुनं, मऊ पाणी होतं. त्यांच्या सुया मी अशा हिशोबाने लावल्या होत्या, की सोलेनॉइड दिवसातून बराच वेळ बंद असतो. आता तो सतत उघडा राहिला आणि त्यांना नेहमीच्या कितीतरी पट गॅस मिळाला. दिवे मालवल्यावर झाडांनी तो वापरणं थांबवलं, उलट तीही श्वासातून त्यात भर घालू लागली. टायमर असता तर निदान दिव्यांबरोबर गॅस थांबला असता.

पहाटे सासूबाईंनी हाक मारली. "अगं, ऊठ, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत." मोठ्या टाकीतले फिलामेंट बार्ब पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. दोन फुटी टाकीतल्या रास्बोरांतल्या बहुतेक तोवर गेल्या होत्या. मी सिलिंडर बंद केला, एअर पंप काढून मोठ्या टाकीत दोन एअरस्टोन सोडले, फिल्टरचं तोंड वर वळवलं. सासूबाई तांब्याने पाणी वरून ओतत राहिल्या. हळूहळू बार्ब खाली उतरले. मोठी टाकी वाचली ती फिल्टरचा झोत पृष्ठभाग थोडाफार हलवत होता म्हणून, माझ्या कुठल्याही शहाणपणामुळे नाही.

असं होताना माशाला नेमकं काय होतं, हे मी त्यानंतर वाचलं. पाण्यातच गॅस जास्त झाला की कल्ल्यांतून शरीरातला गॅस बाहेर पडत नाही, रक्त आम्लधर्मी होतं आणि आम्लधर्मी रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन नीट धरू शकत नाही. पाण्यात ऑक्सिजन पुरेसा असला तरी मासा गुदमरतो. त्यात उन्हाळा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. माझी खोली मे महिन्यात तीसच्या खाली येत नव्हती.

कंट्रोलरला दोष देण्यात अर्थ नाही. एका टाकीसाठी, केएच माहीत असलेल्या पाण्यात, टायमरच्या जोडीने तो चांगलं काम करतो. कंट्रोलरने चार टाक्या चालवायच्या असतील तर चार प्रोब आणि चार सोलेनॉइड लागतात. तशा जोडणीत सिलिंडर सामाईक असू शकतो, रेग्युलेटर असू शकतो, त्यापुढचं काहीही सामाईक असून चालत नाही. माझ्याकडे तो प्रोब अजूनही पाण्यात असतो, पण फक्त आकडा दाखवायला. सोलेनॉइड टायमरवर आहे: दिव्यांच्या दीड तास आधी चालू, दिवे मालवायच्या तासभर आधी बंद.

आता सिलिंडरबद्दल, कारण तिथे धोका माशांपुरता राहत नाही.

चार टाक्यांना लहान सिलिंडर पुरेना, म्हणून मी अग्निशामकाचा साडेचार किलोचा जुना सिलिंडर घेतला, लिव्हरच्या जागी चाकाचा व्हॉल्व्ह बसवलेला. अनेकजण असाच घेतात. भोसरीला भरून आणला, रेग्युलेटर लावला आणि चाक फिरवताच रेग्युलेटर पांढराफटक पडला, दाबाचा काटा उडाला, आतून खरखर आवाज येऊ लागला. घाबरून बंद केला आणि भरणाऱ्या काकांकडे परत नेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, आतली नळी काढलीय का?" अग्निशामकाच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, कारण आग विझवायला द्रवरूप गॅस हवा असतो. आपल्याला वरचा वायू हवा. ती नळी तशीच राहिली तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, तिथे गोठतो आणि पुढचा दाब कुठल्या कुठे जातो. काकांनी नळी काढून दिली आणि सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची तारीखही दाखवली. पाच वर्षांची मुदत उलटून गेलेली होती. मी घेताना ती बघितलीच नव्हती. "टेस्ट झाल्याशिवाय मी आता भरणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. आडवा ठेवलेला सिलिंडरही असाच द्रव सोडतो. तो उभाच आणि साखळीने बांधलेला हवा.

सिलिंडर कुठे ठेवायचा याचा विचारही मी उशिरा केला. रॅक मागच्या खोलीत होता, सिलिंडर त्याच्या पायाशी. त्याच खोलीत सासूबाई दुपारी दार लोटून, खिडकी लावून पडायच्या. एका रात्री मी आकडेमोड केली. साडेचार किलो द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे अडीच घनमीटर वायू होतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साडेपंचवीस घनमीटर. सिलिंडर एकदम रिकामा झाला तर खोलीतल्या हवेचा जवळजवळ दहावा भाग कार्बन डायऑक्साइड. चार टक्के प्रमाण माणसाच्या जिवाला तात्काळ धोकादायक धरतात. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणजे आधी खाली, खाटेच्या उंचीला साठणार. तोवरचे इतके महिने आई तिथे झोपत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "आई, आजपासून तुम्ही हॉलमध्ये पडा." का, ते सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग आधी तो बाहेर काढ." मी काढला, पण बाल्कनीत, पश्चिमेच्या उन्हात. हीही चूकच. २० अंशांना सिलिंडरमध्ये ५७ बार दाब असतो, ३० अंशांना ७२; ३१ अंशांच्या पुढे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. तापलेल्या सिलिंडरची सुरक्षा चकती फुटली तर सगळा गॅस एका दमात सुटतो. आता तो मागच्या पॅसेजमध्ये, सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर भिंतीला बांधलेला आहे आणि तिथून लांब नळी आत येते.

सिलिंडरचा दाब दाखवणारा मोठा काटा किती गॅस उरला ते सांगतो, असं मी बराच काळ धरून चालले होते. आत द्रवाचा थेंब असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणे हलतो, साठ्याप्रमाणे हलत नाही. द्रव संपला की तो घसरू लागतो, आणि त्याच वेळी साध्या एकटप्पी रेग्युलेटरचा पुढचा दाब वाढतो, कारण आतली झडप मिटून धरायला सिलिंडरचा दाब मदत करत असतो आणि ती मदत कमी होते. एका टाकीला हे त्रासाचं, चार टाक्यांना एकाच रात्री चौपट त्रासाचं. त्यात चार टाक्या सिलिंडर लवकर संपवतात, म्हणजे ही वेळही वारंवार येते. यावर उपाय दोनटप्पी रेग्युलेटर, आणि तो येईपर्यंत वजनकाटा. रिकाम्या सिलिंडरचं वजन खांद्यावर ठोकलेलं असतं. मी दर रविवारी वजन करते आणि अर्धा किलो उरला की भरायला नेते.

श्रिंपची टाकी आता मॅनिफोल्डवर नाही. मॉस आणि अनुबियास गॅसवाचून हळू वाढतात, पण वाढतात. एका दोन फुटीतही सह्याद्रीच्या ओढ्यांतली क्रिप्टोकोराइन लावली आहे. तिला लिटरला दहा-बारा मिलिग्रॅमच्या पुढे काही दिलेलं नाही आणि तिचं काही अडलेलं दिसत नाही. तिच्या ड्रॉप चेकरचा रंग निळाच असतो आणि तो हिरवा करायचा नाही, हे मला स्वतःला बजावून सांगावं लागतं. पूर्ण तीस मिळतो तो फक्त मोठ्या टाकीला, रोटाला आणि पुढच्या गालिच्यासाठी.

टँकर सुरू झाले, की पाणी बदलण्याआधी बादलीतच केएच मोजते आणि आकडा वहीत लिहिते. एप्रिलपासून तिन्ही सुया थोड्या आवळते, फिल्टरचं तोंड वर वळवते, एअर पंप रात्रीच्या टायमरवर लावते. रोटालाचे शेंडे तेवढे दिवस बारीक राहतात आणि लाल होत नाहीत. जूनमध्ये पाणी मऊ झालं, खोली थंड झाली, की सुया पुन्हा उघडायच्या, एका दिवशी एकच.